आठवाली

आठवालीच्या उजव्या हाताला, अंगठा आणि तर्जनीच्या मधोमध, वाटाण्याएवढा घट्टा होता. पहिल्यांदा माझ्या टेबलासमोर येऊन बसली तेव्हा मला वाटलं, बाई शिवणकाम करत असणार. विचारलं तर म्हणाली, "नाही भाऊ, मी सोनं घासते."

"दागिने?"

"दागिने कुठले! ठिपका. मोहरीएवढा ठिपका असतो, तो घासते. एकोणीस वर्षं."

मी लोकांचे अर्ज लिहितो. झेरॉक्सच्या दुकानाला लागून एक शटर आहे, तिथं टेबल टाकून बसतो. शाळा सातवीत सुटली, पण नियमांची पुस्तकं मी वाचलेली आहेत, आणि ती न वाचता खुर्च्या उबवणाऱ्यांशी भांडायला मला मनापासून आवडतं. माझ्याकडे येणारा माणूस तापूनच येतो. ही बाई तापलेली नव्हती. तिला एकच गोष्ट हवी होती. इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर, साथीच्या रुग्णांसाठी वेगळ्या काढलेल्या वॉर्डात तिची आई होती. त्या आईसमोर तिला पाच मिनिटं उभं राहायचं होतं. बस.

"तिला वाटतंय मी तिला टाकून गेले," म्हणाली. "तेवढं फक्त पुसायचंय."

ते का पुसता येत नव्हतं, हे कळायला मला आधी तिचं काम कळून घ्यावं लागलं. त्यात तीन दुपारी गेल्या. मला तीन लागल्या म्हणजे इस्पितळातल्या साहेबांना तीस लागल्या असत्या, पण त्यांनी एकही दिली नाही.

ती जिथं काम करायची तिथं विषाणू ओळखायची पेनं बनतात. दिसायला जाडसर पेनच. टोकाला सोन्याचा ठिपका. त्या ठिपक्यावर डीएनएचे धागे रोवतात, वाफ्यात रोपं लावावीत तसे, दाटीवाटीनं. डोळ्यांना काही दिसत नाही. प्रत्येक धाग्याच्या शेंड्याला निळ्या रंगाचा कण बांधलेला. धागा मोकळा असला की झुलतो, झुलताना कण सोन्याला शिवतो, शिवला की विजेचा जरासा झटका जातो. यंत्र त्या सगळ्या झटक्यांची मिळून एक रेघ काढतं, आणि ती रेघ डोंगरासारखी दिसते. आता पेन कुणाच्या लाळेत बुडवलं आणि त्या लाळेत विषाणूचं प्रथिन असलं, तर धागा त्या प्रथिनाला विळखा घालतो आणि ताठ होतो. झुलणं बंद. कण सोन्यापासून लांब. डोंगर खाली बसतो.

म्हणून त्यांच्या खोलीत एक म्हण होती: पडला की सापडला. डोंगर उभा, तर माणूस निरोगी. डोंगर पडला, तर विषाणू सापडला. नवीन माणसं हमखास उलटं समजायची, म्हणून भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं.

आठवालीचं काम या सगळ्याच्या आधीचं. सोनं आरशासारखं गुळगुळीत नसेल तर धागे धड रुजत नाहीत. म्हणून मखमलीच्या चकतीवर पांढऱ्या भुकटीचा काला ओतायचा, पेनाचं टोक त्यावर टेकवायचं आणि आठचा आकडा काढत घासायचं. एका दिशेनं घासलं तर ठिपका तिरका झिजतो. गोल घासलं तर कडा झिजतात. आठ काढला की सगळीकडून सारखं. पाच मिनिटं एक पेन. ते यंत्र, ते धागे, ते निळे कण हे सगळं ज्यांच्या डोक्यातून आलं त्या संशोधक मॅडम हिला म्हणायच्या, "डोकं माझं, हात तुमचा. एकटं काहीच चालणार नाही." हे वाक्य आठवालीनं मला तीन दुपारींत पाच वेळा ऐकवलं. ऐकवू दे. माणसाला आयुष्यात असं एखादंच वाक्य मिळतं.

पण तिचं नाव आठवाली पडलं ते चांगल्या हातामुळं नाही, चुकीमुळं.

पहिल्या दिवशी मॅडमनी सांगितलं, आठ काढत घासा. हिनं काढला. तीन महिने ठिपके कुठं बरे निघायचे, कुठं ओरखडे. मॅडम हैराण. काला बदलला, मखमल बदलली. शेवटी एका सकाळी स्टूल ओढून हिच्या शेजारीच बसल्या आणि हिचा हात बघत राहिल्या.

"बाई, हे काय काढताय?"

"आठ."

"हा आठ?"

"मग काय नऊ आहे?"

ती मराठीतला ८ काढत होती. वरून गोल उतरायचं, उजवीकडे शेपूट सोडायची, हात उचलायचा. पुन्हा वरून. मॅडमना हवा होता इंग्रजी 8, जो सुरू होतो तिथंच परत येतो, ज्यात हात उचलायचा प्रश्नच नाही. आणि हिचा हात दर वेळी शेपटीपाशी उचलला जात होता, तिथंच ओरखडा पडत होता. "आणि माझी शेपूट तर अशी फर्मास निघायची," ती मला सांगताना हसली. "आईला अक्षर येत नव्हतं, पण पाटीवर आकडे मीच तिच्यासमोर गिरवायची. आठाची शेपूट लांब काढली की ती म्हणायची, वा, काय ऐट आहे! म्हणून मी आणखी लांब काढायची."

मॅडम रागावल्या नाहीत. पोट धरून हसल्या. त्या दिवसापासून ती आठवाली.

मॅडम पुढे निघून गेल्या. पेनं बनवायचं काम एका कंपनीकडं आलं, तिथं हिच्यासकट टेबलंखुर्च्या गेल्या. मग साथ आली. एका दिवसात चाळीस पेनं घासणाऱ्या खोलीला रोज हजार हवी झाली. सुपरवायझरनं एकदम अठरा बायका भरल्या आणि आठवालीला म्हणाला, "तुम्ही शिकवा. दुपारपर्यंत बसल्या पाहिजेत कामाला."

तिनं शिकवलं. मागं यंत्रं घरघरत होती, तोंडावर मास्क, अठरा बायका अर्धवर्तुळात. काला असा, मखमल अशी, पेन उभं धरा, दाबू नका, पाच मिनिटं. "आणि आठ काढा, बायांनो."

कुठला, ते सांगायचं राहिलं.

ती आणि तिचा तो इंग्रजी आठ इतक्या वर्षांचे सोबती होते, की आणखी एक आठ जगात आहे हे ती विसरून गेली होती. अठरापैकी सात बायकांनी आपापल्या शाळेतला आठ काढला. आठवालीच्या लक्षात यायला नऊ दिवस लागले, कारण तिलाही घासायचंच होतं, मान वर करायला फुरसत नव्हती. दहाव्या दिवशी चकत्या बदलताना एका मखमलीवर तिला झीज दिसली. शेपटीची.

तिनं तिथल्या तिथं सगळ्यांचे हात थांबवले, सातजणींना नवीन आठ शिकवला, आणि सुपरवायझरकडं गेली.

"साहेब, नऊ दिवसांचा माल थांबवा. सोनं बरोबर नाही."

"तपासणीत पास झालाय."

"पहिल्या दिवशी पास होणारच. धागे आज धरतील, खोक्यात दोन-तीन आठवडे पडून राहिले की सुटतील. मग विषाणू नसला तरी डोंगर पडणार."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"हातानं."

त्यानं तिच्याकडं असं बघितलं, म्हणाली, की जणू झाडूनं तोंड उघडलंय. वर ऐकवलं, "बाई, तुम्ही घासा. मोजायला माणसं आहेत."

मोजायला माणसं होती, हे मात्र खरं नाही. मॅडमच्या पद्धतीत प्रत्येक पेन वापरायच्या आधी नुसत्या मिठाच्या पाण्यात बुडवून त्याचा मूळ डोंगर बघायचे. त्यात चार मिनिटं जायची. कंपनीनं ती चार मिनिटं कापली आणि मूळ डोंगराचा आकडा खोक्यावर छापून टाकला. एका खोक्यातल्या शंभर पेनांना एकच आकडा. म्हणजे धागे गळून गेलेलं पेन आणि विषाणू सापडलेलं पेन, दोन्ही यंत्राला सारखीच. पडला की सापडला. आणि साथ इतकी जोरात होती की पडला म्हटल्यावर सगळ्यांना पटायचंच.

तीन आठवड्यांनी तिची आई न्हाणीघरात घसरली. मांडीचं हाड गेलं. वय अठ्ठ्याहत्तर. थोरल्या भावाचं म्हणणं होतं, घराजवळच्या दवाखान्यात नेऊ. आठवाली म्हणाली, "मोठ्या इस्पितळात नेऊ. तिथं आमची पेनं वापरतात."

हे तिनं अभिमानानं सांगितलं होतं. पुढं भावानं तिला रोज हेच वाक्य परत केलं.

दाखल करताना लाळ घेतली. डोंगर पडला. म्हातारीला ना ताप, ना खोकला; हाडाच्या दुखण्यानं कण्हत होती एवढंच. पण पडला म्हणजे सापडला. खाट वळली, लिफ्टचं दार बंद झालं, आणि आठवालीच्या हातात आईच्या चपला राहिल्या. तिनं सिस्टरच्या हातातलं खोकं बघितलं. त्यावरचा लॉट नंबर बघितला. तो नंबर तिला पाठ होता.

"त्या नऊ दिवसांतला?" मी विचारलं.

"पाचव्या दिवसाचा."

मी वही मिटली. मला राग येतो तेव्हा मी वही मिटतो, नाहीतर कागद फाटतो.

तिची आई ठार बहिरी होती. ओठ बघून बोलणं ओळखायची, तेही हातभर अंतरावरून, कारण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आणि त्या वॉर्डात प्रत्येकाच्या तोंडावर मास्क. म्हणजे म्हातारीच्या दृष्टीनं सगळं जग एका दिवसात मुकं झालं होतं. चिठ्ठी पाठवावी तर अक्षर येत नव्हतं. एका भल्या सिस्टरनं मोबाईलवर आठवालीचा चेहरा तिच्यासमोर धरला. म्हातारीनं मोबाईल हातानं बाजूला सारला. म्हणाली, "फोटो कशाला दाखवता? ती येत नाही का?"

हे त्या सिस्टरनं आठवालीला सांगितलं. सांगायला नको होतं, पण तीही बारा बारा तास उभी राहून दमलेली बाई. काय सांगावं, काय गिळावं, याचं भान उरत नाही.

नियम असा: दोन दिवसांच्या अंतरानं दोनदा डोंगर उभा निघाला की वॉर्डातून बाहेर. तोपर्यंत भेट नाही. आणि दर दोन दिवसांनी तपासणी त्याच खोक्यातून, कारण एक खोकं संपल्याशिवाय दुसरं फोडायचं नाही.

आठवालीची मागणी काय होती, ते नीट ऐका. खोकं बदला, असंही ती आधी म्हणाली नाही. म्हणाली, "एकदा धुऊन बघा." लाळेत बुडवलेलं पेन धुण्याच्या द्रावणात धरलं की धागा प्रथिनाला सोडतो आणि पुन्हा झुलायला लागतो. डोंगर परत उभा राहिला, तर पेन चांगलं, आईला खरंच लागण झालीय. नाहीच उभा राहिला, तर धागेच गळालेत, दोष पेनाचा. पाच मिनिटांचं काम. "आणि लागण झालीय असं निघालं, तर मी गप्प बसेन, भाऊ. निदान माझ्यामुळं नाही एवढं तरी कळेल."

मी अर्ज लिहिला. चांगला लिहिला. कलमं घातली, मुद्दे घातले, धुण्याची रीत पायरी पायरीनं लिहिली. घेऊन दोघंही अधीक्षकांकडं गेलो.

अधीक्षकांनी अर्ज वाचला, म्हणजे वरचा मजकूर आणि खालची सही वाचली. म्हणाले, "वापरलेलं पेन लाल पिशवीत जातं. लाल पिशवी उघडत नाहीत. जाळतात."

"मग पिशवीत टाकायच्या आधी धुवा," आठवाली म्हणाली.

"पेन एकदाच वापरायचं असतं. खोक्यावर लिहिलंय."

"खोक्यावर लिहिलंय ते चूक आहे, साहेब. मी बनवते ते."

"तुम्ही बनवता?" त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी खुलासा करीन म्हणून. "तुम्ही इंजिनिअर आहात?"

"मी घासते."

ते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं, मला एक कारण मिळालं असतं. ते सौम्यपणे म्हणाले, "कंपनीकडून लेखी आणा की माल सदोष आहे. मी लगेच थांबवतो."

कंपनीत गेलो. सुपरवायझरनं ओळख दाखवली नाही. तेव्हा आठवालीनं जे केलं ते मी इतक्या वर्षांत कुणाला करताना पाहिलेलं नाही. तिनं माझ्याकडून कागद घेतला आणि स्वतःच्या हातानं लिहिलं: अमुक ते अमुक या नऊ दिवसांत अठरा कामगारांना चुकीचं शिकवलं गेलं, ती चूक माझी आहे, माल परत बोलवा. खाली सही. लोक माझ्याकडं दुसऱ्यावर ठपका ठेवायला येतात. ही स्वतःवर ठेवून घेत होती आणि तो ठेवून घ्या म्हणून विनवत होती.

चौथ्या दिवशी कंपनीचं उत्तर आलं. "सदर बाब तांत्रिक स्वरूपाची असून निवेदक तांत्रिक पदावर कार्यरत नसल्याने निवेदनाची दखल घेता येत नाही."

मी ते तीनदा वाचलं. बाईला चूक कबूल करायचाही दर्जा नव्हता.

माझं डोकं फिरलं. दुसऱ्या सकाळी मी इस्पितळात जाऊन अधीक्षकांच्या दारात उभा राहून जे बोलायचं ते बोललो. सगळा मजला जमा झाला. मला त्या वेळी फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. परिणाम काय, तर तिसऱ्या मजल्याच्या जिन्याजवळ एक बाकडं होतं, तिथं आठवाली रोज येऊन बसायची, सिस्टर येता-जाता चार शब्द सांगायच्या. त्या दिवसापासून सुरक्षारक्षकांनी ते बाकडं बंद केलं. तिला फाटकाबाहेर बसवलं. तिनं मला दोष दिला नाही. एवढंच म्हणाली, "भाऊ, तुमचा आवाज मोठा आहे हो. आईला तेवढा ऐकू आला असता तर."

म्हातारीनं खाणं सोडलं होतं. सिस्टर फाटकापाशी येऊन सांगून गेली. चमचा तोंडाजवळ नेला की मान वळवते. कुणी भरवतंय त्याचं तोंड दिसत नाही, म्हणून की काय. आठवाली फाटकाच्या गजाला धरून तिला म्हणाली, "सिस्टर, तिला भरवताना आधी एक घास स्वतः खाल्ल्यासारखं करायचं. मग खाते ती. मास्क खाली करून."  मास्क खाली करणं सिस्टरच्या हातात नव्हतं.

"खोकं कधी संपेल?" आठवालीनं विचारलं.

"बारा पेनं राहिलीत."

"आज किती लागतील?"

"नऊ-दहा."

पुढचे दोन दिवस आम्ही दोघं फाटकाबाहेर बसून एक खोकं संपायची वाट बघत होतो. माझ्या आयुष्यात मी मोर्चे काढले, घेराव घातले. पण एखादं पुठ्ठ्याचं खोकं लवकर संपावं म्हणून बसायची ही पहिलीच वेळ.

खोकं संपलं. नवं फुटलं. आई दाखल झाल्याच्या अकराव्या दिवशी सकाळी नव्या पेनानं तपासणी झाली आणि सिस्टर जवळजवळ पळत खाली आली. लांबूनच तिनं हाताचा पंजा उभा केला.

डोंगर उभा होता.

आठवाली माझ्याकडं वळली. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, "बघितलंत? या खोक्यातलं सोनं माझं होतं." आणि मग लगेच, "परवा. परवा दुसरी तपासणी. परवा सकाळी." तिनं घरी जाऊन आईचं लुगडं धुऊन आणलं, चपला पिशवीत घातल्या. भाऊसुद्धा आला. तो तिला म्हणाला, "आता हिला आपल्या दवाखान्यात नेऊ," आणि ती म्हणाली, "तू म्हणशील तिथं, दादा." एवढं ऐकल्यावर भावानं तिच्या हातातली पिशवी स्वतःकडं घेतली.

मी मात्र त्याही दिवशी पुन्हा आत गेलो. आवाज खाली ठेवून गेलो. म्हटलं, एकदा उभा निघालाय, नवीन खोकं आहे, एक दिवस आधी भेटू द्या. कारकुनानं नियम दाखवला. नियमात "दोनदा" असं लिहिलेलं होतं. मी नियमांचा माणूस. आयुष्यभर साहेब लोकांना बोट ठेवून दाखवत आलो, हे बघा, असं लिहिलंय. त्या दिवशी त्या कारकुनाचं बोट होतं आणि लिहिलेलं होतं. मी परत आलो.

म्हातारी दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. दुसऱ्या तपासणीला एक सकाळ बाकी होती.

त्या जुन्या पेनांपैकी एकही कुणी धुऊन बघितलं नाही. सगळी जळाली. म्हणजे तिला खरंच लागण झाली होती आणि अकरा दिवसांत बरी झाली, की कधी झालीच नव्हती, हे आता कुणालाच कळणार नाही. लॉटबद्दलच्या माझ्या अर्जाला महिन्याभरानं उत्तर आलं: सदर लॉट पूर्णपणे वापरला गेला असल्याने तपासणी शक्य नाही. तो कागद माझ्याकडं आहे. फ्रेम करून लावावा असं वाटतं, पण ती कधी येऊन बसली तर समोर दिसेल म्हणून लावत नाही.

ती अजून घासते. नवीन बायका आल्या की त्यांचा हात स्वतःच्या हातात धरून पहिला आठ काढून दाखवते. तोंडानं सांगत नाही.

पण त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. शव ताब्यात घ्यायला खिडकीवर फॉर्म भरावा लागतो. भाऊ गाडीची व्यवस्था बघायला गेला होता, मी तिच्या शेजारी उभा होतो. मी म्हटलं, मी भरतो, माझं कामच आहे. तिनं मान हलवली. स्वतः लिहायला घेतलं. आईचं नाव लिहिलं. नातं लिहिलं. वयाच्या चौकटीत सात काढला आणि थांबली.

पेन कागदावर टेकलेलं. तो घट्टा पांढराफटक पडलेला. मागं रांग लागली होती, कुणीतरी घसा खाकरला. तिनं मान वर करून काचेपलीकडच्या कारकुनाला विचारलं, "आठ कुठला लिहू?"

कारकुनानं वर बघितलंही नाही.

"कुठलाही चालतो," तो म्हणाला.